विश्लेषण : टंचाईच्या वर्षात नगरपालिकेची प्रगती कशी ओळखावी?

आर्थिक वर्ष संपत आले, की छोट्या शहरांत नगरपालिकेच्या 'वर्षपूर्ती'ची पुस्तिका निघते. गुळगुळीत कागद, भूमिपूजनाची छायाचित्रे, मंजूर निधीचे कोटींचे आकडे आणि शेवटी नागरिकांचे आभार. सुबत्तेच्या वर्षात ही पुस्तिका कुणी फारशी तपासत नाही. पैशाची ओढाताण असते त्या वर्षात मात्र ती तपासलीच पाहिजे. कारण तेव्हा काय बांधले, यापेक्षा काय बंद पडू दिले नाही आणि त्याचा खर्च कुणाच्या खिशातून झाला, हे जास्त महत्त्वाचे असते. करोनाकाळातील महाराष्ट्राच्या छोट्या शहरांचा अनुभव यासाठी उपयोगी आहे.

२०२०-२१ चे वर्ष कसोटीचे का ठरले?

देशव्यापी टाळेबंदी २५ मार्च २०२० रोजी सुरू झाली. नगरपालिकांच्या दृष्टीने याहून वाईट मुहूर्त नव्हता. मार्च हा घरपट्टी-पाणीपट्टीच्या वसुलीचा हंगाम. गल्लोगल्ली भोंगा लावलेली रिक्षा फिरते, नळजोडणी तोडण्याच्या नोटिसा जातात, चौकात थकबाकीदारांच्या नावांचे फलक लागतात. वर्षभर रेंगाळलेला कर याच महिन्यात भरला जातो. नेमक्या शेवटच्या आठवड्यात सगळे ठप्प झाले.

पुढे उत्पन्नाच्या बाकीच्या वाटाही आटल्या. आठवडी बाजार बंद, त्यामुळे बाजार फी नाही. नगरपालिकेच्या गाळ्यांतील दुकाने बंद, त्यामुळे भाडे थकले. बांधकामे थांबली, त्यामुळे परवानगी शुल्क नाही. खर्च मात्र वाढला. जंतुनाशक फवारणी, विलगीकरण केंद्रे, प्रतिबंधित क्षेत्रांचे अडथळे, मृतांवरील अंत्यसंस्कार ही कामे दारात येऊन उभी राहिली.

वरून मदत येण्याची शक्यताही कमी होती. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचे सकल उत्पादन पहिल्या अंदाजानुसार २३.९ टक्क्यांनी घटले. राज्य सरकारने ४ मे २०२० रोजी त्या वर्षाच्या योजनांसाठी तरतुदीच्या केवळ ३३ टक्के निधी मिळेल, असा निर्णय घेतला आणि नवी भरती थांबवली. ज्या नगरपालिकेची सारी भिस्त मंत्रालयातून येणाऱ्या निधीवर होती, तिच्यासाठी हा निर्णय म्हणजे वर्ष हातचे गेल्यासारखे होते.

छोट्या शहराकडे पैसा येतो कुठून?

महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक लोकसंख्येची नगरपरिषद 'अ' वर्गात, ४० हजार ते एक लाख 'ब' वर्गात आणि २५ ते ४० हजार 'क' वर्गात मोडते. या शहरांचे हक्काचे मोठे उत्पन्न एकेकाळी जकातीचे होते. नाक्यावर रोज रोकड जमा होत असे. १९९९ मध्ये नगरपरिषद क्षेत्रातील जकात रद्द झाली आणि तिच्या जागी राज्याचे सहायक अनुदान आले. जकातीत भ्रष्टाचार होता, व्यापाऱ्यांना जाच होता, हे खरे. पण तिच्यासोबत छोट्या शहरांची आर्थिक स्वायत्तताही गेली. कर्मचाऱ्यांचा पगार आता बव्हंशी या अनुदानावर अवलंबून असतो, आणि ते लांबले की पगारही लांबतो.

स्वतःचे म्हणावे असे उत्पन्न उरले ते मालमत्ता कर, पाणीपट्टी, गाळ्यांचे भाडे आणि किरकोळ शुल्कांचे. त्यातही घरपट्टीच्या देयकात दिसणारी सगळी रक्कम नगरपालिकेची नसते. शिक्षण कर आणि रोजगार हमी कर नगरपालिका वसूल करते, पण तो पैसा राज्याचा.

ही दुर्बलता एकट्या महाराष्ट्राची नाही. भारतातील शहरी स्थानिक संस्थांचे उत्पन्न दशकाहून अधिक काळ सकल उत्पादनाच्या एक टक्क्याच्या आसपास अडकले आहे, असे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२२ च्या अहवालात नोंदवले. ब्राझीलमध्ये हेच प्रमाण ७.४ टक्के, तर दक्षिण आफ्रिकेत सहा टक्के असल्याचे त्याच अहवालात म्हटले आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून शहरांकडे १८ विषय सोपवण्याची वाट मोकळी झाली. जबाबदारी सोपवण्याची चर्चा झाली, पैशाची व्यवस्था मात्र मागेच राहिली.

मोठे अनुदान मिळाले म्हणजे प्रश्न सुटला का?

नाही. अनुदानाला खिसे शिवलेले असतात. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळासाठी देशातील शहरी संस्थांना १ लाख २१ हजार ५५ कोटी रुपयांची शिफारस केली. दहा लाखांहून कमी लोकसंख्येच्या शहरांसाठी त्यातील ६० टक्के रक्कम बंधित आहे. म्हणजे शंभर रुपये आले तर ३० रुपये स्वच्छता व घनकचऱ्यावर आणि ३० रुपये पिण्याचे पाणी, पर्जन्यजलसंधारण यांवरच खर्च करायचे. उरलेले ४० रुपये स्थानिक गरजेनुसार वापरता येतात, पण त्यातूनही पगार व आस्थापना खर्च भागवता येत नाही.

बंधित निधी वाईट नव्हे. तो नसता तर पाणी आणि कचऱ्याचा पैसा कमानींवर, सुशोभीकरणावर गेला असता. पण त्याचा एक परिणाम रोज दिसतो. शहरात नवी पाण्याची टाकी उभी राहते, आणि ती भरणाऱ्या पंपाचे वीजबिल थकलेले असते. नवी घंटागाडी येते, पण तिच्या इंधनाला आणि चालकाच्या पगाराला पैसे नसतात. वस्तू अनुदानातून येते, ती चालवण्याचा खर्च मात्र नगरपालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नातून करावा लागतो.

म्हणून वर्षपूर्तीच्या पुस्तिकेतील 'अमुक कोटींचा निधी खेचून आणला' या वाक्याला मर्यादित अर्थ आहे. निधी आणणे ही धडपड झाली. प्रगतीचा प्रश्न त्यानंतर येतो : आणलेली वस्तू पाच वर्षांनी चालू असेल का?

मग कराड, विटा, पाचगणी पुढे कशी गेली?

पैशाची ओढाताण असतानाच्या या वर्षांत केंद्राच्या स्वच्छ सर्वेक्षणात महाराष्ट्रातील छोट्या शहरांनी देशात आघाडी घेतली. एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांत २०२० मध्ये कराड पहिले, सासवड दुसरे आणि लोणावळा तिसरे आले. २०२१ मध्ये विटा पहिले, लोणावळा दुसरे, सासवड तिसरे. २०२२ मध्ये पाचगणी पहिली आणि कराड तिसरे. २०२३ च्या सर्वेक्षणात सासवड पहिले, लोणावळा तिसरे. २०११ च्या जनगणनेत कराडची लोकसंख्या ५४ हजारांच्या आसपास होती, तर पाचगणीची जेमतेम १५ हजार.

इथे एक बारकावा लक्षात घ्यायला हवा. २०२० चा निकाल ऑगस्टमध्ये लागला असला, तरी त्यासाठीची पाहणी टाळेबंदीपूर्वी झाली होती. महासाथीच्या वर्षाची खरी परीक्षा २०२१ च्या यादीत दिसते. टाळेबंदी, रजा, आजारपण आणि रिकामी तिजोरी असताना ज्या शहरांची घडी विस्कटली नाही, ती त्या यादीत वर राहिली. लोणावळा आणि सासवड दोन्ही वर्षी पहिल्या तिघांत होती, हा योगायोग मानता येणार नाही.

याचे कारण कचऱ्याच्या कामाच्या स्वरूपात आहे. या कामाला काँक्रीटपेक्षा शिस्त जास्त लागते. घंटागाडी ठरल्या वेळी यायला हवी, ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा व्हायला हवा, ओल्याचे खत आणि सुक्याची विक्री व्हायला हवी. कचरा घरातच वेगळा झाला की डेपोवर जाणारा ढीग कमी होतो, वाहतुकीचा खर्च वाचतो आणि खतातून थोडे का होईना उत्पन्न येते. राज्यात 'हरित महासिटी कंपोस्ट' या नाममुद्रेखाली असे खत विकण्याची सोय झाली आहे. सिंधुदुर्गातील वेंगुर्ला नगरपरिषदेने करोनाच्या आधीच आपल्या कचरा डेपोचे रूपांतर पाहायला जाण्याजोग्या जागेत करून दाखवले होते.

अर्थात, पुरस्कार म्हणजे संपूर्ण प्रगती नव्हे. स्वच्छतेच्या यादीत वर असलेल्या शहरात पाणी दिवसाआड येत असू शकते, ठेकेदारांची देयके थकलेली असू शकतात. सर्वेक्षण स्वच्छता मोजते, शहराचा हिशेब मोजत नाही. पण टंचाईतही रोजचे काम नेटाने करता येते, एवढे या शहरांनी निर्विवाद सिद्ध केले.

करवाढ टाळणे ही सवलत की उधारी?

अडचणीच्या वर्षात 'यंदा कोणतीही करवाढ नाही' ही घोषणा सर्वाधिक टाळ्या घेते. २०२०-२१ मध्ये ती समजण्यासारखी होती. रोजंदारी बुडालेल्या माणसाला जास्तीची पट्टी पाठवणे निर्दयपणाचे ठरले असते. प्रश्न आहे तो दरवर्षी तेच कारण पुढे करण्याचा.

नगरपरिषद कायद्यानुसार मालमत्तांची फेरआकारणी दर चार वर्षांनी व्हायला हवी. प्रत्यक्षात ती निवडणुकीच्या हिशेबाने पुढे ढकलली जाते. दरम्यान एकमजली घराची तीन मजली इमारत होते, खाली चार गाळे निघतात, पण नोंद जुन्याच घराची राहते. जुन्या वाड्यात राहणारी निवृत्त जोडी प्रामाणिकपणे कर भरते आणि शेजारच्या व्यापारी संकुलाची नोंदच अपुरी असते. म्हणजे करवाढ न केल्याचा फायदा गरिबाला होतोच असे नाही. अनेकदा तो ज्याची मालमत्ता वाढली त्याला होतो.

पाणीपट्टीची स्थितीही अशीच. बहुतेक छोट्या शहरांत नळजोडणीमागे ठरावीक वार्षिक रक्कम घेतली जाते, पाणी कितीही वापरा. पंपांचे वीजबिल मात्र युनिटप्रमाणे येते. दोन्हींतला फरक दरवर्षी साचतो आणि एक दिवस वीज कंपनीची नोटीस येते. कराडलगतच्या मलकापूरने दशकाहून अधिक काळापूर्वी वेगळी वाट धरली. प्रत्येक नळाला मीटर आणि चोवीस तास पाणी. पाणी हवे तेव्हा मिळेल असा विश्वास आला की लोक ते साठवून, दुसऱ्या दिवशी ओतून देत नाहीत आणि मोजून पैसे देण्यास तयार होतात. छोट्या शहराला हे परवडत नाही, हा युक्तिवाद मलकापूरसमोर टिकत नाही.

थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती आकारण्याची कायद्यात तरतूद आहे. शास्ती वाढत जाऊन मूळ कराहून मोठी झाली, की माफीच्या अभय योजनेची मागणी होते. खरोखर अडलेल्याला सवलत हवीच. पण सरसकट माफीतून वेळेवर पट्टी भरणाऱ्याला आपण मूर्ख ठरलो, असा संदेश जातो. टंचाईच्या वर्षात न भरू शकणारा आणि भरायची इच्छा नसलेला, या दोघांत फरक करणे हे प्रशासनाचे कौशल्य आहे. थकबाकीदारांची यादी रकमेनुसार लावली, तर वसुलीची सुरुवात झोपडपट्टीतून नव्हे, तर मोठ्या मालमत्तांपासून आणि थकबाकी असलेल्या सरकारी कार्यालयांपासून करता येते.

वार्षिक हिशेबात नागरिकांनी काय पाहावे?

पुढील पाच गोष्टी कोणत्याही नगरपालिकेला विचारता येतात. त्यासाठी लेखापाल असण्याची गरज नाही.

१) मागणी आणि वसुली : समजा, एका शहराची चालू वर्षाची करमागणी दोन कोटी आणि जुनी थकबाकी एक कोटी आहे. वसुली झाली दोन कोटी दहा लाख. 'गेल्या वर्षीपेक्षा वसुली वाढली' हे खरे असू शकते, पण एकूण मागणीच्या ती ७० टक्केच आहे आणि ९० लाख रुपये पुढच्या वर्षावर गेले. म्हणून चालू आणि थकीत वसुली वेगवेगळी मागावी.

२) न दिलेली देणी : वीजबिल, ठेकेदारांची देयके, निवृत्त कर्मचाऱ्यांचे उपदान आणि भविष्यनिर्वाह निधीचा भरणा. ही रक्कम वर्षभरात वाढली असेल, तर 'बचत' ही केवळ पुढे ढकललेली उधारी आहे.

३) शिल्लक कुणाची : अंदाजपत्रक जवळपास नेहमीच शिलकी दाखवले जाते. त्या शिलकीत बंधित अनुदानाचा वाटा किती आणि नगरपालिकेला मोकळेपणाने वापरता येईल असा पैसा किती, हे विचारावे. पहिला पैसा कितीही असला तरी त्यातून दिवाबत्तीचे बिल भरता येत नाही.

४) अंदाज आणि प्रत्यक्ष : फेब्रुवारीत मांडलेले आकडे आणि पुढच्या वर्षी आलेले प्रत्यक्ष आकडे शेजारी ठेवावेत. दरवर्षी उत्पन्नाचा अंदाज फुगवला जात असेल, तर त्यावर आधारलेली कामांची यादीही फुगलेलीच असते.

५) सेवा : पाणी आठवड्यातून किती दिवस आणि किती वेळ आले? किती घरांतून वेगळा केलेला कचरा उचलला गेला? गेल्या वर्षीची किती कामे अपूर्ण राहून यंदाच्या यादीत परत आली?

पंधराव्या वित्त आयोगाने अनुदानासाठी लेखे लोकांसमोर खुले करण्याची अट घातली, ती याच हेतूने. मालमत्ता कराचा किमान दर जाहीर करणे आणि कराची वसुली राज्याच्या उत्पादनवाढीच्या गतीशी सुसंगत ठेवणे, याही अटी होत्या. स्वतः कमावणाऱ्याला मदत, असे हे सूत्र आहे.

टंचाईची किंमत कुणी मोजली?

हा प्रश्न हिशेबाच्या वहीत सापडत नाही. छोट्या शहरांत सफाई, पाणीपुरवठा आणि दिवाबत्तीची बरीच कामे आता कंत्राटी माणसे करतात. नगरपालिकेचे देयक थकले की ठेकेदार त्यांचा पगार थकवतो. महासाथीत शहर घरात बसले होते तेव्हा हीच माणसे रस्त्यावर होती. खर्चात काटकसर केल्याचे पुस्तिकेत अभिमानाने छापले असेल, आणि ती काटकसर झाडू मारणाऱ्या बाईच्या तीन महिन्यांच्या पगारातून झाली असेल, तर तिला प्रगती म्हणता येणार नाही. किमान वेतन आणि वेळेवर पगार हा टंचाईच्या वर्षातील पहिला खर्च असायला हवा, उरलेल्या पैशातून द्यायचा नव्हे.

दुसऱ्या बाजूला पथविक्रेते होते. जून २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेत त्यांना सुरुवातीला दहा हजार रुपयांपर्यंतचे खेळते भांडवल कर्जाने मिळाले. विक्रेत्यांचे सर्वेक्षण आणि ओळखपत्रे ही जबाबदारी नगरपालिकांची होती. जिथे विक्रेत्यांची नोंद आधीपासून नीट होती, तिथे काम सोपे झाले. जिथे त्यांच्याकडे केवळ अतिक्रमण म्हणून पाहिले गेले होते, तिथे नोंदीपासून सुरुवात करावी लागली. संकटातील कामगिरी बरीचशी आधीच्या शांत वर्षांत ठरते, ती अशी.

हिशेब विचारणारे सभागृह होते का?

महासाथ ओसरत असतानाच राज्यातील बहुतांश नगरपरिषदांची मुदत संपली. ओबीसी आरक्षणाच्या वादात निवडणुका रखडल्या आणि कारभार प्रशासकांकडे गेला. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये चार महिन्यांत निवडणुका घेण्याचे निर्देश दिल्यानंतर अखेर २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींची निवडणूक लागली. बहुतेक ठिकाणी २ डिसेंबर २०२५ रोजी मतदान झाले आणि २१ डिसेंबरला मतमोजणी.

मधल्या काळात अनेक शहरांत अंदाजपत्रके मंजूर झाली, पण सभेत उभे राहून 'माझ्या प्रभागातील पाणी कुठे गेले?' असे विचारणारा नगरसेवक नव्हता. काही प्रशासकांनी चांगले काम केले, वसुलीत लोकप्रतिनिधींचा दबाव नसल्याने त्यांना काही निर्णय सोपेही गेले. तरीही बंद दाराआड झालेली चांगली वसुली लोकांची होत नाही. कर का भरायचा आणि तो कुठे गेला, याची उघड चर्चा झाली तरच पुढच्या वर्षी तो मुकाट्याने नव्हे, तर पटून भरला जातो.

नव्या सभागृहांपुढे आता काय?

डिसेंबरात निवडून आलेल्यांपुढे सोपा मार्ग आहे तो मंत्रालयात फेऱ्या मारून निधी आणण्याचा आणि नामफलक लावण्याचा. तो त्यांनी जरूर धरावा, राज्याकडे शहरांचे देणे आहेच. राज्यानेही सहायक अनुदान वेळेवर आणि ठरलेल्या सूत्राने दिले पाहिजे. जकात काढून घेताना दिलेला शब्द दर महिन्याच्या प्रतीक्षेवर सोडणे योग्य नव्हे.

पण अवघड आणि टिकाऊ काम शहरातच आहे. फेरआकारणी वेळेवर करणे, मोठ्या थकबाकीदारांपासून वसुली सुरू करणे, पाण्याचा खर्च आणि पाणीपट्टी यांतील दरी लोकांसमोर मांडणे, देणी किती थकली ते लपवून न ठेवणे. यातल्या एकाही कामाचे भूमिपूजन होत नाही. पुढची मंदी, पूर किंवा साथ येईल तेव्हा मात्र शहराला हाताशी असेल ते हेच. पुढील मार्चमध्ये वर्षपूर्तीची पुस्तिका घरी आली, तर नागरिकांनी छायाचित्रांची पाने उलटून मागणी आणि वसुलीचा तक्ता शोधावा. तो छापलेला नसेल, तर पहिला प्रश्न तिथूनच विचारायला हवा.